हळदीचा डाग आणि बाराशे रुपयांचा ज्वालामुखी

वाचकाचं पत्र, नावगाव काढून आणि थोडक्यात:

"वय ६४. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, नातू ७ वर्षांचा, दुसरीत. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, विषय 'घरातल्या वस्तूंमधून विज्ञान', हातात तीन आठवडे आहेत. सूनबाईने बाराशे रुपयांचं ज्वालामुखीचं किट ऑनलाईन मागवलंय कारण वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकेकाच्या मॉडेलचे फोटो यायला लागलेत. मागच्या वर्षी माझ्या मुलाने रात्री दोनपर्यंत जागून पवनचक्की केली होती. नातू तिच्या शेजारी उभा राहिला आणि बाईंनी विचारल्यावर 'बाबाला माहितीये' म्हणाला, मग घरी आल्यावर सगळे त्याच्यावरच चिडले. हा पोरगा शाळेतून आला की माझ्यामागे ओट्यापाशी, सारखं काहीतरी कालवत असतो. परवा त्याच्या शर्टावर वरण सांडलं, मी साबण लावला तर डाग लाल झाला, तेव्हापासून 'का का' करून नुसतं डोकं खातोय. किटचा खोका त्याने उघडूनही बघितला नाही. मला वाटतं त्याला काहीतरी साधं करून द्यावं, पण मी दहावी, विज्ञानात कशीबशी पास, मला त्यातलं काय कळतंय. शिवाय मी मधे पडले तर सुनेला ढवळाढवळ वाटेल. गप्प बसू का?"

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शर्टापाशी येऊन थांबले. तुम्ही ती गोष्ट तक्रारीसारखी लिहिलीये, पोरगा डोकं खातो म्हणून, आणि पुढच्याच वाक्यात विचारताय की त्याला काय करून देऊ. अहो, त्याचं प्रोजेक्ट तर ठरलेलंच आहे! डाग लाल का झाला. फक्त त्याला कोणी प्रोजेक्ट म्हटलेलं नाहीये अजून, कारण त्यात थर्माकोल नाही, बॅटरी नाही आणि बाराशे रुपये नाहीत.

मी बरीच वर्षं शाळेत शिकवलंय आणि अशा प्रदर्शनांना परीक्षक म्हणूनही जाते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते आधी सांगते. एका ठिकाणी तिसरीतली एक मुलगी धरणाचं मॉडेल घेऊन उभी होती. मॉडेल इतकं देखणं की मी आधी त्याचा फोटो काढला. मुलीने वीज कशी तयार होते ते धडाधडा म्हणून दाखवलं, अगदी श्वास कुठे घ्यायचा ते पण पाठ. मी विचारलं, बाळा, वरची बादली रिकामी झाली तर काय होईल? तिने आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघून हसली. आणि ती मुलगी काही मठ्ठ नव्हती हो, तिला कोणी त्या बादलीत पाणी ओतूच दिलं नव्हतं, बिघडेल म्हणून. तिच्या शेजारच्या टेबलावर एक पोरगा दह्याच्या चार वाट्या घेऊन बसला होता, एकीत बोट घालून चाटत होता, आणि मी जवळ गेल्यावर म्हणाला, "ही लागली नाही कारण आम्ही उकळत्या दुधात विरजण घातलं, ते मेलं." कोण मेलं, विचारलं. "विरजणातले ते!" मग त्याने मला पाच मिनिटं सोडलं नाही. तुमचा नातू मला त्या वाट्यावाल्या जातीतला वाटतोय.

आता तुमचं ते "मला काय कळतंय". काकू, दूध उतू जायच्या आधी तुम्ही कितव्या खोलीतून धावत येता? थंडीत विरजण जास्त घालता की कमी? डाळ शिजत नसेल तर सोडा टाकायचा हे तुम्हाला कोणी शिकवलं, आणि तो जास्त पडला तर काय होतं हे तुम्ही स्वतः बिघडवूनच शिकलात ना? दहावीचा पेपर पास होणं वेगळं आणि हे वेगळं, हे मला मान्य आहे, तुम्ही काही पुस्तकातली नावं सांगू शकणार नाही. पण सात वर्षांच्या मुलाला नावं नकोच असतात. त्याला शेजारी बसून "चल बघू" म्हणणारं माणूस हवं असतं, ज्याला वेळ आहे आणि ज्याला ओटा पिवळा झाला तरी चालतो. त्या घरात ते माणूस कोण आहे हे तुमच्या पत्रावरून मला तरी कळलं.

उलट तुमच्याबाबतीत मला वेगळीच भीती वाटते. ती म्हणजे तुम्ही उत्तर सांगून टाकाल. आज्यांना राहवत नाही. (माझी आई तर नातवंडांना कोडं घालायची आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत उत्तर पण सांगायची.) तेव्हा खाली जे सांगतेय ते आधी स्वतः एकटीने दुपारी करून बघा, म्हणजे तुमची हौस भागेल, आणि मग त्याच्यासोबत करताना तोंडात सुपारी धरा.

हळदीचं असं करायचं. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवायची, त्यात जाड पांढऱ्या कागदाच्या, ड्रॉइंग पेपर चालतो, नाहीतर जुन्या सुती पांढऱ्या कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. सावलीतच, का ते पुढे सांगते. वाळल्या की झटकून वरची हळद पाडून टाका. अशा तीस-चाळीस करून डब्यात ठेवा, कारण त्यातल्या निम्म्या तो पहिल्याच दिवशी संपवणार. मग छोट्या वाट्यांमध्ये घरातलं एकेक घ्यायचं, अंगाचा साबण पाण्यात कालवून, कपड्याची पावडर, खाण्याचा सोडा, लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, मीठपाणी, साखरपाणी, शाम्पू, टूथपेस्ट, आणि रिठा मिळाला तर रिठ्याचं पाणी नक्की. गावाकडे कोणाकडे चूल असेल तर चिमूटभर राख पण आणा, तुम्ही राखेने भांडी घासलेली असणारच.

आणि आता महत्त्वाचं. पट्टी बुडवायच्या आधी त्याला विचारायचं, लाल होणार का पिवळीच राहणार? त्याचं उत्तर वहीत लिहायचं, चुकलं तरी खोडायचं नाही.

काय होईल ते मी तुम्हाला सांगते, त्याला सांगू नका. साबणाने लाल होईल, पावडरने तर चांगलीच तांबडी होईल. मग तो म्हणेल, साबणाने होतं, फेसाने होतं. बहुतेक मुलं म्हणतात. तेव्हा गप्प बसून त्याच्यापुढे रिठ्याची वाटी सरकवायची. रिठा खळखळून फेस देतो आणि पट्टी पिवळीच राहते! शाम्पूचंही बहुतेक तसंच. आणि खाण्याच्या सोड्याला फेस नाही काही नाही, पण पट्टी हलकी लालसर होते. म्हणजे फेस आहे पण लाल नाही, आणि लाल आहे पण फेस नाही. काकू, ह्या ठिकाणी पोराचा चेहरा बघा. स्वतः मांडलेलं स्वतःच्याच डोळ्यांसमोर मोडलं की मुलं दोन सेकंद एकदम शांत होतात, आणि मग जे बोलतात ते लिहून ठेवण्यासारखं असतं. ते मॉडेलच्या खोक्यात मिळत नाही.

पुढे लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळायला सांगा. परत पिवळी. परत साबण, परत लाल. हे तो किती वेळा करेल त्याची तयारी ठेवा, लिंबं महाग असतील तर चिंच आहेच.

तुमच्यासाठी कारण असं, हळदीत कर्क्युमिन नावाचा पिवळा रंग असतो. आंबट पदार्थात आणि साध्या पाण्यात तो पिवळा राहतो, पण साबण, सोडा, राख हे जे आंबटाच्या उलट गुणाचे पदार्थ, ज्यांना पुस्तकात अल्कली किंवा आम्लारी म्हणतात, त्यांच्या संगतीत तो लाल-तपकिरी होतो. बस. त्याला एवढंच सांगा की काही गोष्टी आंबट गटातल्या, काही साबण-सोडा गटातल्या, आणि हळद आपल्याला दोन गट ओळखून दाखवते. मीठ-साखर कुठल्या गटात असं तो विचारेल, तर कुठल्याच नाही. भांड्याच्या लिक्विडचं काय होतं ते मी मुद्दाम सांगत नाहीये, तुम्हालाही काहीतरी राहू दे. फक्त चाखून गट ओळखायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी बजावा, आणि पावडरचं पाणी ढवळायचं काम तुमच्याकडे ठेवा.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेल तर त्याला सांगायला छान आहे. हळकुंडाला चुना लावून कुंकू करायची जुनी पद्धत आहे ना, ती हीच गंमत. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव कुंकवासाठी ओळखलं जातं, आणि देवघरातली ती कुंकवाची कोयरी आणि शर्टावरचा डाग हे चुलत भाऊ आहेत हे कळल्यावर तो दिवसभर तेच सांगत फिरेल. पण ऐका, गोष्ट सांगा, चुना हातात देऊ नका. पानतंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली की फुटते, डोळ्यात उडते, आणि लहान मुलांचे डोळे त्याने कायमचे जाऊ शकतात. हळदीच्या प्रयोगाचे व्हिडिओ बघाल तर त्यात बरेच जण चुना वापरताना दिसतील. आपल्याला साबणावर भागतंय तर कशाला.

आणि सावलीत वाळवायचं का सांगितलं? हळदीचे डाग पडलेले कपडे तुम्ही कुठे वाळत घालता? कडक उन्हात, बरोबर? कारण उन्हाने तो पिवळा रंग विरतो. ह्याचा दुसरा प्रयोग होतो आणि हा मला पहिल्यापेक्षाही आवडतो. हळदीचा एक मोठा कागद करायचा, त्यावर किल्ली, एखादं पान, नाहीतर जाड पुठ्ठ्यातून कापलेलं त्याच्या नावातलं अक्षर ठेवायचं, वर काच ठेवून गच्चीत उन्हात सोडायचं. काचेच्या कडांना आधी चिकटपट्टी लावा. फेब्रुवारीच्या उन्हात काही तास, फार तर दोन दिवस. आजूबाजूचा कागद फिका पडतो आणि खाली किल्ली पिवळीधमक उरते. शाई नाही, कॅमेरा नाही, छापलं कोणी तर उन्हाने.

हा झाला सोपा भाग. आता सूनबाई.

तुमच्या पत्रात असं गृहीत धरलंय की तिला मुलाचं शिकणं नकोय, नंबर हवाय. असेलही. पण मला त्या बाराशे रुपयांत मागच्या वर्षीची पवनचक्की दिसते. पोराला सगळ्यांसमोर उत्तर आलं नाही, सगळे चिडले, नवरा रात्री दोनपर्यंत जागला आणि पदरात काहीच पडलं नाही, आणि आता रोज ग्रुपवर कोणाचं चांद्रयान तर कोणाचं हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय वाढवलेली रोपं. संध्याकाळी साडेसातला घरी पोचणाऱ्या बाईने काय करावं? किट हे तिचं घाबरणं आहे. तेव्हा तिच्याशी बोलताना "किट परत कर, हे काही खरं विज्ञान नाही" इथून सुरुवात केलीत तर ते भांडणच होणार, आणि ते भांडण ज्वालामुखीवरून नसणार.

त्यापेक्षा काही बोलूच नका आधी. एका शनिवारी संध्याकाळी पट्ट्या आणि वाट्या टेबलावर मांडा आणि नातवाला सांगा, आईकडून ओळखून घे, लाल का पिवळी. ती पण चुकेल, रिठ्याला सगळेच चुकतात, आणि तो तिला हसेल. त्यानंतर हे तिचंही होतं. मग तिला तिचं काम द्या, खरंखुरं, खूश करायला म्हणून नाही. तो बोलेल ते त्याच्याच शब्दात लिहून घेणं, फोटो काढणं, आणि शाळेतल्या बाईंना विचारणं की मॉडेल सक्तीचं आहे का. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा सक्ती नसते, ग्रुपवरच्या कोणीतरी ती लावून घेतलेली असते. तुमचा तर विषयच "घरातल्या वस्तू" आहे, मग कुरियरने आलेला ज्वालामुखी घरातला कसा झाला हे मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि तिला कोणी विचारलंच की दुसरीतल्या मुलाच्या "का"चं काय एवढं, तर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो तो सी. व्ही. रामन ह्या शास्त्रज्ञाच्या प्रकाशावरच्या शोधामुळे, रामन परिणाम म्हणतात तो, १९२८ सालचा, आणि रामन त्या वाटेला लागले ते १९२१ मध्ये बोटीवरून परत येताना समुद्र निळा का दिसतो ह्या प्रश्नामुळे. समुद्र निळा का, डाग लाल का. प्रश्नाचा बाज तोच आहे.

किट आलंच आहे तर फेकू नका हां. ज्वालामुखीवर माझा राग नाहीये, तो ज्या पद्धतीने केला जातो त्यावर आहे. सोड्यावर व्हिनेगर ओतलं, फसफसलं, टाळ्या, संपलं. त्यात प्रश्नच नाही. तेच पेल्यात करा, खाण्याचा सोडा एक चमचा कायम ठेवा आणि लिंबाचा रस एक चमचा, दोन चमचे, तीन चमचे असा बदलत फेस कुठवर चढतो त्याला पेनाने खूण करा, की झाला प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. हे तुम्हाला मी काय सांगू, मीठ आणि मसाला दोन्ही एकदम नवीन आणलं आणि आमटी बिघडली तर दोष कोणाचा हे कळत नाही, तसंच. इनो आणि साधं पाणी घेतलं तरी तेच, कारण त्यात सोडा आणि आंबट दोन्ही आधीच कोरडं मिसळलेलं असतं, पाण्याची वाट बघत.

फक्त "ज्वालामुखी असा फुटतो" असं त्याला पाठ करायला लावू नका. खऱ्या ज्वालामुखीत सोडा-लिंबू नसतं, वितळलेला खडक आणि त्यात कोंडलेले वायू असतात. आणि गंमत म्हणजे आपल्या पायाखालचा बराचसा महाराष्ट्र लाव्हाचाच आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून थरांवर थर वाहत आला, त्याचाच हा काळा पाषाण, सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात त्या त्याच. त्या टोकदार टोपीसारख्या डोंगरातून नव्हे. म्हणजे किटमधला डोंगर आपल्याकडचा नाहीच. घराबाहेरचा एक काळा दगड उचलून टेबलावर ठेवला तर तो जास्त खरा ज्वालामुखी.

असंच पत्र आणखी तिघा-चौघांनी पाठवलंय, कोणाची मुलगी पहिलीत, कोणाचा चौथीत, आणि प्रत्येकाकडे हळदीचा शर्ट असेल असं नाही, म्हणून त्यांच्यासाठी पण थोडं लिहिते.

माझं सगळ्यांना एकच म्हणणं आहे, यादी घेऊन बसू नका, आठवडाभर नुसतं ऐका पोरगं काय विचारतंय ते. संत्रं सोलता सोलता पाण्यात पडलं? सालासकट तरंगतं आणि सोललेलं बुडतं, सालात हवा अडकलेली असते म्हणून, आणि मुलांना हे पटतच नाही कारण सोललेलं हलकं झालंय ना मग बुडतं कसं! कपडे वाळत घालताना मागे लागतं? दोन सारखे रुमाल सारखेच भिजवून पिळायचे, एक पसरून एक घडी घालून, दर पंधरा मिनिटांनी हात लावून बघायचं. हा प्रयोग फुकट आहे आणि मोठ्यांना अगदीच काहीतरी वाटतो, पण पहिलीतल्या मुलीला स्वतः आखता येतो, स्वतः मोजता येतो, माझ्या लेखी म्हणून तो भारी. तुरटीचा पण चांगला, अंगणातली माती कालवलेलं गढूळ पाणी दोन काचेच्या पेल्यांत, एकात तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा आणि दोन्ही हलवायचे नाहीत. अंडं घरात चालत नसेल तर बटाटा घ्या, साध्या पाण्यात बुडतो आणि मीठ टाकत गेलं की वर येतो, किती चमच्यांना वर आला ते मोजायचं, बटाटा छोटा घ्या नाहीतर मिठाचा पुडा संपेल.

मटकी तर आहेच. मटकी चार ठिकाणी, एक भिजवून फडक्यात नेहमीसारखी, एक भिजवून फ्रीजमध्ये, एक पाण्यात पूर्ण बुडवून तशीच, एक कोरडी न भिजवता. मोड कोणाला किती ते दोन दिवसांनी पट्टीने मोजायचं. दह्याचं मी वर सांगितलंच, तेच दूध, तेच विरजण, तेवढ्याच वाट्या, एक फ्रीजमध्ये, एक ओट्यावर, एक तांदळाच्या डब्यात, आणि एक उकळत्या दुधाची, ती दुधाची वाटी अर्थातच मोठ्यांनी भरायची. प्रयोग उत्तम पण प्रदर्शनाला न्यायला कटकटीचा, रिक्षात सांडतं आणि अकरा वाजेपर्यंत वास मारतं. फोटो न्या.

केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मुंबई-कोकणवाल्यांनी घरी जमला तरी शाळेत जमेल असं धरून चालू नका, हवेत दमटपणा असला की तो हमखास दगा देतो. लिंबाच्या बॅटरीवर बल्ब पेटवणाऱ्यांनी तर माझं ऐकाच. मी स्वतः मुलासाठी हा उपद्व्याप केलाय, व्हिडिओत एका लिंबावर झकास बल्ब लागत होता, आमच्याकडे चार लिंबं, अर्धा डझन खिळे आणि रडारड. एका लिंबातून जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची तार वापरली तरी जेमतेम एक व्होल्टच्या आतबाहेर मिळतं, आणि करंट तर नावाला, त्यावर टॉर्चचा बल्ब जन्मात पेटणार नाही. चार-पाच लिंबं एकामागे एक जोडली तर छोटा लाल एलईडी अंधारात मिणमिणतो, तेवढंच. ते व्हिडिओ खोटे असतात हो.

आणि ती मेणबत्ती. ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर पेला उपडा घातला की मेणबत्ती विझते आणि पाणी आत चढतं, मग सगळे सांगतात ऑक्सिजन जळून गेला म्हणून त्याच्या जागी पाणी आलं. मी पण वर्गात हेच सांगत आले होते, छातीठोकपणे. एक दिवस एका पोराने विचारलं की मग पाणी हळूहळू का चढत नाही, विझल्यावर एकदम का चढतं? मला उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की मुख्य कारण गरम झालेली हवा विझल्यावर थंड होऊन आकसते हे आहे. त्या पोराला दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की तुझं बरोबर, माझं चूक होतं. काकू, "मला माहीत नाही, बघूया" हे तुम्ही नातवाला बिनधास्त म्हणा, आम्ही शिकवणारे पण म्हणतो, फक्त जरा उशिरा म्हणतो.

एका बाबतीत मात्र बघूया-बिघूया नाही. संडास साफ करायचं अॅसिड, ब्लीच, ड्रेन उघडायची पावडर ह्यातलं काहीही प्रयोगात नको, दोन एकत्र तर अजिबात नको, ब्लीच आणि अॅसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. अॅल्युमिनियम फॉईल आणि त्या अॅसिडने फुगा फुगवायचे व्हिडिओ पोरं बघतात, त्यात हायड्रोजन असतो, पेट घेतो. ब्रेडवर बुरशी आणायची असेल तर पिशवी बंद करून चिकटपट्टी लावा, आणि काम झालं की न उघडता तशीच कचऱ्यात.

आणखी हवं असेल त्यांनी अरविंद गुप्तांची वेबसाईट उघडा. आयआयटीतून शिकलेला माणूस, पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंची खेळणी करत वर्षानुवर्षं रमला, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. रिफिल, काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, असलंच सामान, सगळं फुकट आणि बरंच मराठीतही आहे.

काकू, परत तुमच्याकडे. प्रदर्शनाच्या दिवशीचं. टेबलावर फार काही मांडू नका, सहा वाट्या पुरे, पट्ट्यांचा डबा, ओलं फडकं, पाण्याची बाटली, आणि त्याची वही, शाईच्या डागांसकट, सूनबाईला ती फेअर करावीशी वाटेल पण करू देऊ नका. मधे दोन रिकामे डबे ठेवा, एकावर लाल, एकावर पिवळा कागद, आणि मूठभर चिंचोके. जो येईल त्याने आधी चिंचोका टाकायचा, लाल होणार का पिवळीच राहणार, आणि मगच नातू पट्टी बुडवणार. असं केलं की त्याला भाषण करावं लागत नाही, पाठांतर नाही, आणि मोठमोठी माणसं चुकताना बघून त्याची भीड आपोआप मोडते. मागच्या वर्षी बाईंनी त्याला विचारलं, ह्या वर्षी तो बाईंना विचारेल. नंबर येईल का? सांगता येत नाही. मी परीक्षक असते तर दिला असता, पण चकचकीत मॉडेलला भुलणारे परीक्षक असतात, मी त्यांच्यासोबत बसलेय. तेव्हा नंबराचं घरात आधी बोलूच नका, आणि आला नाही तर "तुझंच चांगलं होतं, त्यांना कळत नाही" हे पण नको. रिठ्याला किती जण चुकले ते विचारा, तो मोजून आला असेल.

तो शर्ट अजून असेल तर धुऊन उन्हात घालू नका, तसाच घेऊन जा आणि टेबलाच्या मागे टांगा. आणि टेबल खिडकीपाशी मिळालं तर पट्ट्या डब्यातच झाकून ठेवायला सांगा, नाहीतर दुपारपर्यंत पांढऱ्या पडतील आणि तो म्हणेल आजीने हळद कमी घातली.